पडताना हात कुठं मारायचा

मागून गळ्याभोवती हात पडला तेव्हा माझ्या डोक्यात वरणभात होता. हसू नका. दिवस बुडायला आला होता, आमच्या घरी दिवस बुडाल्यावर ताट वाढत नाहीत, आणि मी पोटात आगडोंब घेऊन यंत्रमागांच्या बोळातून तरातरा निघाले होते.

"उद्यापास्नं ह्या वाटंनं दिसायचं न्हाई," कानाशी घोगरा आवाज आला. मागाच्या वंगणाचा वास आला. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला असणार, कारण शब्द कापडातून गाळून आल्यासारखे येत होते.

घाबरले का? घाबरायला सवड कुठं होती! ज्युदोच्या मेंगाणे सरांनी हा एकच डाव आमच्याकडून इतका घोटून घेतला होता की झोपेत कुणी खांद्याला हात लावला असता तरी मी त्याला खाटेखाली फेकला असता. माझ्या हातांनी त्याची बाही धरली, गुडघे वाकले, कंबर आत गेली, आणि तो गडी माझ्या खांद्यावरून जाऊन समोर रस्त्यावर उताणा पडला. इतका सहज गेला की माझं मलाच नवल वाटलं.

आणि पडता पडता त्यानं स्वतःच्या मांडीवर फाड्कन हात मारला.

तो आवाज मला नीट ऐकू आला, कारण शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्या इचलकरंजीत त्या भागातली वीज बंद असायची आणि माग थंड पडायचे. एरवी त्या बोळात माणूस शेजारी उभा राहून बोंबलला तरी कळायचं नाही, नुसती खटखट. त्या दिवशी मात्र चिटपाखरू नव्हतं. ज्यानं कुणी हा दिवस निवडला होता त्याला बोळाची सगळी रीत ठाऊक होती.

पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते. ज्युदोत समोरचा असा स्वच्छ पाठीवर पडला की सामना संपला. इप्पॉन म्हणतात त्याला. फेकणाऱ्यानं मागं व्हायचं, अंगातला सदरा नीट करायचा आणि सरांचा हात वर जायची वाट बघत ताठ उभं राहायचं. मी तेच केलं की! तो चोरटा समोर रस्त्यावर तळमळतोय आणि ही शहाणी मागं होऊन कुडता सारखा करतेय. सर नव्हते, पंच नव्हते. त्यानं टॉवेलाच्या फटीतून एकदा माझ्याकडं बघितलं, कोपर धरून उठला आणि लंगडत लंगडत बोळाच्या तोंडाकडं पळाला. माझ्या कानातल्या सोन्याच्या रिंगा जिथल्या तिथं होत्या. पिशवीला त्यानं हातही लावला नव्हता. मग त्याला पाहिजे होतं काय?

तिथंच मला पहिल्यांदा भीती वाटली.

आता जरा मागचं सांगते. आम्ही जैन. अंधार पडला की चूल बंद, मुंगी मेली तरी आई हळहळायची, आणि अशा घरातली राजमती मगदूम शाळेच्या मैदानावर ताडपत्रीखाली काथ्याच्या गाद्या टाकून माणसं आपटायला शिकत होती. भावकीत केवढी बोंब झाली होती! पण आई पक्की. तिनं अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, बस्तीत नेलं. आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. तिथं मूर्तीसमोर त्यांना नेम घ्यायला लावला, की पोरीचा खेळ मी माझ्या तोंडानं बंद करणार नाही. अण्णा सुताच्या पेढीवर मुनीम होते. घेतलेला नेम मोडतील असला माणूस नव्हे. पुढं पुढं तर त्यांना अभिमानच वाटायला लागला. पेढीवर येईल त्याला सांगायचे, "आमची राजी दोन मणाचा गडी उचलून आपटती."

सरावाला घरात होता तो माझा मोठा भाऊ भूपाल. आम्ही माडीवर भाड्यानं राहायचो. जमीन फळ्यांची, खाली गौराबाई. कापसाची गादी टाकायची, दादाला उभा करायचा आणि फेकायचा. जरा मोठा आवाज झाला की गौराबाई खालून मुसळानं ठोकायच्या, "काय पडलं हो अण्णा?" आणि अण्णा खाटेवरूनच ओरडायचे, "काय न्हाई गौराबाई, पोरं खेळत्यात!"

त्या रविवारी मला निवडीच्या सामन्यांसाठी पुण्याला जायचं होतं. त्यात नाव लागलं असतं तर राज्याच्या संघात गेले असते. माझ्या आयुष्यात तोवर मला एवढं काही हवंसं वाटलं नव्हतं. त्याच सुमाराला सांगलीचं एक स्थळ आलं होतं आणि त्यांचं म्हणणं होतं की मुलीनं हे असलं सोडून द्यावं. अण्णांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला कळलं नव्हतं. मी विचारलं नाही, नेम होता ना.

आणि त्याच पंधरवड्यात बोळाच्या तोंडाशी, तोंडाला टॉवेल बांधलेला एक माणूस मला दोनदा दिसला होता. नुसता उभा. मी कुणाला बोलले नाही. गावात बोभाटा झाला असता तर काका, मामा, सगळे उठून बसले असते. नेम अण्णांचा होता, भावकीचा नव्हता. पुणं राहिलंच असतं.

म्हणून त्या शुक्रवारीही मी जिना चढताना तोंड धुतल्यासारखं कोरं केलं आणि आत गेले.

ताटं घासून पालथी पडली होती. आई म्हणाली, "घडला का आज उपास? किती वाट बघितली गं!"

"सरांनी थांबवलं."

अण्णा खाटेवर होते. टोपी काढून हातात धरलेली. "कुठनं आलीस?"

"बोळातनं."

"वाटंत कोण भेटलं न्हवं?"

"कोण भेटणार? माग बंद हायत आज."

"तसं न्हवं गं. सगळं बरं हाय न्हवं?"

"बरं असायला काय झालंय?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मी पिशवी खुंटीला लावली. जरा वेळानं परत तेच, "काय सांगायचं आसंल तर सांग बाई. मी काय रागावणार न्हाई." यांच्या कानावर गेलं की काय? कुणी बघितलं? बोळात तर कुणीच नव्हतं. मला वाटायला लागलं की भिंतीआडून सगळी पेठ माझ्याकडं बघतेय.

दादा कोपऱ्यात पालथा पडला होता. सुताची पोती उचलताना कंबर धरली म्हणाला. आईनं तेल कोमट करून माझ्या हातात वाटी दिली. "चोळ जरा. तुझ्या हाताला जोर हाय."

मी चोळायला बसले. सदरा नुसता कमरेपाशी वर केला त्यानं, बाही काही वर करू देईना.

"हळू गं!"

"एवढी कशी रे धरली?"

"पोतं निसटलं." मग म्हणाला, "राजी, तुला एकटीला भ्या वाटत न्हाई व्हय गं?"

"कशाचं?"

"आसंच. एवढ्या लांब पुण्याला... कोण कसा आसतोय, काय सांगावं."

खाटेवर अण्णांनी मान वर केली. मी म्हटलं, "न्हाई वाटत," आणि तेल जरा जास्तच जोरानं चोळलं. पण खोटं बोलले मी. वाटत होतं. गळ्यावरून तो हात अजून निघाला नव्हता. पुण्यात कोण मागं येईल, कोण जाणे, असं पहिल्यांदाच मनात यायला लागलं होतं. त्या रात्री अंथरुणात पडून मी चक्क विचार केला की सरांना सांगावं, ताप आलाय म्हणून.

पण मी कुणालाच तशी सोडणारी नव्हे. सकाळी उठले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन, तो मांडीवर मारलेला हात. मांडीवर हात कोण मारतं हो? आमच्या भागात पाळण्यातल्या पोराला विचारा. पैलवान! शड्डू ठोकतो तो पैलवान. आणि बोळाच्या तोंडाशीच तालीम होती. तिथला सिद्राम पैलवान मला येताजाता बघून हसायचा. एकदा तर म्हणाला होता, "बाई, गाद्यांवर काय पडताय, आमच्या मातीत या एकदा." झालं तर मग. चोर सापडला!

शनिवारी सकाळी तालमीच्या दारात जाऊन उभी राहिले. बायका तालमीत पाय ठेवत नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेरून हाक मारली. "सिद्राम, भाईर या!"

तो लंगोटावर माती उकरत होता. फावडं तसंच टाकून, खांद्यावर टॉवेल घेऊन दारात आला. टॉवेल बघून माझं डोकं आणखी भडकलं.

"काय ओ बाई, सकाळी सकाळी?"

"काल दिवेलागणीला कुठं हुता?"

"मी? जयसिंगपूरला, कुस्त्यांच्या मैदानात. सगळी तालीमच गेलती. का ओ?"

"खोटं बोलू नका. कोपर दावा."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. मातीनं माखलेले, पण खरचटलेलं कुठं नाव नाही. छाती, पाठ, सगळं उघडंच होतं. एवढं धूड माझ्या खांद्यावरून तसं सहज गेलं असतं का, हे खरं म्हणजे मला दुरून बघूनच कळायला हवं होतं. मी जरा वरमले. मग काय झालं ते त्याला सांगून टाकलं. घरच्यांना सांगितलं नव्हतं ते या परक्या माणसाला उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं.

त्याचं हसू गेलं. "गळ्यात हात घातला? आणि तुमी टाकला त्याला?"

"टाकला. आणि पडताना त्यानं शड्डू ठोकला. म्हणून आले तुमच्याकडं."

"पडताना?"

"व्हय. असा, मांडीवर."

सिद्रामनं माझ्याकडं बघितलं आणि एकदम खो खो हसायला लागला. "अवो बाई, शड्डू उभ्यानं ठोकत्यात! कुस्तीच्या आधी. पडणारा पैलवान पाठ वाचवायला बघतोय, मांडी बडवत बसत न्हाई. आसलं पडायला कुठल्या वस्तादानं शिकीवलं त्याला?"

तो हसतच होता. दाराची चौकट धरून मी तिथंच उभी राहिले.

कुठल्या वस्तादानं? मी. मीच शिकवलं होतं.

ज्युदोत पडायचं कसं ते आधी शिकवतात. हनुवटी छातीला लावायची आणि पडता पडता तळहात जोरानं जमिनीवर आपटायचा, म्हणजे सगळा मार हातावर जातो. जगात सगळे ज्युदोवाले असेच पडतात. पण आमच्या माडीवर गादीच्या बाहेर फळीवर हात आपटला की खाली गौराबाईंच्या डाळीत माती पडायची आणि मुसळ सुरू व्हायचं. म्हणून मी दादाला सांगितलं होतं, "तू जमिनीवर मारू नको, आपल्या मांडीवर मार." त्याला तशीच सवय लागली. शेकडो वेळा पडला असेल तो माझ्या हातून, दर वेळी मांडीवर हात. अख्ख्या इचलकरंजीत तसा पडणारा एकच माणूस होता आणि आदल्या संध्याकाळी मी त्याच्या कमरेला तेल चोळलं होतं.

राग नंतर आला. आधी रडू आलं.

"सांगा कोण हाय त्यो," सिद्राम म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आमी बघतो."

"नको. मीच बघते."

त्या दिवशी मी वेळेत घरी होते. दिवस वर असताना सगळे जेवलो. वरणभातच होता आणि एक घास गोड लागला नाही. आईनं ताटं उचलली. मी उठले, गादी ओढली आणि मध्ये टाकली.

"दादा, ऊठ. उद्या निघायचंय, शेवटचा सराव करू."

"माझी कंबर..."

"त्याची कंबर धरलीय गं," अण्णा म्हणाले, "राहू दे आज."

"कशानं धरली?"

"पोतं..."

"बाही वर कर, दादा."

आई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

मी तिच्याकडं बघून बोलायला लागले, कारण त्या दोघांकडं बघितलं असतं तर माझा आवाज फुटला असता. "काल बोळात एकानं मागनं माझा गळा धरला, आई. मी टाकला त्याला. पडताना त्यानं मांडीवर हात मारला. कालपास्नं शोधायलोय तसं कोण पडतंय ते."

दादा खाली मान घालून बसला. मग त्यानंच गुमान बाही वर केली. कोपर सोलून निघालं होतं. पंचवीस वर्षांचा घोडा, पण लहान पोरासारखं त्याचं तोंड वाकडं झालं. "मला नव्हतं करायचं, राजी. दोनदा बोळाशी उभा राहून तसाच माघारी आलो. अण्णा म्हणाले, जरा भ्या घाल, म्हणजे तीच नको म्हणंल."

आई अण्णांकडं वळली. अण्णा खाटेवर ताठ बसले होते आणि त्यांनी जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "मी नेम मोडला न्हाई," म्हणाले. "माझ्या तोंडानं मी तिला एकदा तरी नको म्हणालो का? इचार तिला."

"मला म्हणाला असता तर बरं झालं असतं, अण्णा!" मी ओरडले. "तोंडावर नको म्हणायचं हुतं. भांडलो असतो. मी काल रात्री सगळ्या पेठंला भ्यायलो. ताप आला म्हणून सांगणार हुतो सरास्नी!"

चिडले की मी अशी 'भ्यायलो', 'हुतो' करत बोलते, आमच्याकडच्या पोरी बोलतात तशी.

अण्णा सांगलीच्या स्थळाचं काहीतरी पुटपुटले, पोरीची जात म्हणाले, लोक म्हणाले. आईनं त्यातलं काही ऐकलं नाही. ती पुढं आली, वाकली, गादी दोन्ही हातांनी गुंडाळली आणि कोपऱ्यात नेऊन उभी केली. मध्ये नुसत्या फळ्या राहिल्या.

दादा उठला. "टाक मला," म्हणाला, "टाक, राजी."

"तू बस," आई म्हणाली. "तू पडलास काल. उठा ओ, तुमी उभं राहा."

मला वाटलं अण्णा भडकतील. आमच्या घरात त्यांना असं कुणी बोलत नसे. पण ते उठले. टोपी खाटेवर ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि फळ्यांवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी त्यांच्या सदऱ्याला हात घातला. एका हातात बाही, एका हातात गळपट्टी. सुताच्या खळीचा वास आला, लहानपणी त्यांच्या मांडीवर बसल्यावर यायचा तोच. आतला दंड केवढा बारीक! हा माणूस कधी एवढा वाळला, माझं लक्षच नव्हतं. माझा राग तिथंच निम्मा झाला आणि निम्मा तसाच राहिला.

मी थांबले. ते माझ्या डोळ्यांत बघत होते. थोडे घाबरले होते, आणि ते लपवत नव्हते.

"राजी," हळूच म्हणाले, "पडताना हात कुठं मारू गं?"

माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. "जमिनीवर. तळहात उघडा ठेवा, हनुवटी छातीला लावा. आणि जोरात मारा, अण्णा. खाली ऐकू जाऊ दे."

त्यांनी मान डोलावली. मी गुडघे वाकवले, कंबर आत घातली आणि त्यांना खांद्यावर घेतलं. फेकलं नाही. बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली आणि झोपलेल्या पोराला अंथरुणावर ठेवतात तसं त्यांना खाली आणलं. पण त्यांनी मात्र शिकवल्याबरहुकूम केलं. उघडा तळहात उचलला आणि फळीवर असा आपटला की अख्खी माडी दणाणली. खिडकीतली वाटी पडून घरंगळत गेली.

खालून लगेच मुसळ सुरू झालं. "अगं बाई! काय पडलं हो अण्णा?"

आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघत होतो. अण्णा उताणे पडून आढ्याकडं बघत होते, हात अजून तसाच पसरलेला, तळवा लाल झालेला. त्यांची बाही माझ्याच हातात होती.

"मी पडलो, गौराबाई!" ते पडल्या पडल्याच ओरडले. आवाज कापत होता, पण मोठा होता, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा. "राजीनं पाडलं. उद्या पुण्याला निघालीय ती!"